विश्रामाचा हुकूम

एकदा एका ठाणेदाराची अशी खात्री पटली, की आपल्या ठाण्यातली माणसे कच्ची निघाली. स्वतः तो पक्का होता, निदान त्याची तशी समजूत होती. रक्तदाबाच्या गोळ्या तो टेबलाच्या खणात शिक्क्यांच्या मागे दडवून ठेवी, आणि घरी मुलांनी जरा आवाज केला की त्याचे डोके फिरे. पण याला तो ताण म्हणत नसे. ताण इतरांना येतो, खाकीला येत नाही, असे तो हाताखालच्यांना सुनावी. सुनावताना आपला आवाज किती चढतो, हे मात्र त्याला कळत नसे.

त्या ठाण्यात कोळपे नावाचे एक हवालदार होते. माणूस इतका शांत, की तावातावाने तक्रार घेऊन आलेले लोकही त्यांच्यासमोर बसले की हळू बोलू लागत. त्या कोळप्यांनी एका दुपारी भर बाजारात केळीच्या हातगाडीवाल्याच्या कानफटात लगावली. कारण काय, तर गाडी मागे घ्यायला त्याने थोडा उशीर लावला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले. मोठ्या साहेबांचा ठाणेदाराला फोन आला, की कोळप्यांच्या निलंबनाचा प्रस्ताव ताबडतोब पाठवा.

दुसऱ्या दिवशी हवालदारांची बायको डबा घेऊन ठाण्याच्या फाटकाशी आली. ती रडली नाही, तिने गयावया केली नाही. गणपती गेले, मिरवणुका झाल्या, निवडणूक पार पडली, आणि प्रत्येक वेळी यांची आठवड्याची सुट्टी पुढे ढकलली गेली, एवढे तिने सांगितले.

"साहेब, घरात भांडं पडलं तरी हे झोपेतून उठून उभे राहतात," ती म्हणाली. "नुसते उभे नाही. टाचा जुळवून."

ठाणेदाराने ऐकून घेतले. हाच तो कच्चेपणा, असे त्याने मनाशी म्हटले, आणि प्रस्तावावर सही करायला तो आत गेला. सही मात्र झाली नाही. पेन हातात घेतले की कोळप्यांचा शांत चेहरा समोर येई, आणि मग त्याला स्वतःचाच राग येई.

याच सुमारास वरून आदेश निघाला, की पोलिसांवरील ताण घालवण्यासाठी प्रत्येक ठाण्यात व्याख्यान ठेवावे. उपस्थिती सक्तीची, गणवेश अनिवार्य, गैरहजर राहणाऱ्यावर कारवाई. ताण घालवण्याचा हा सरकारी मार्ग पाहून एखाद्याला हसू आले असते. ठाण्यात कुणालाही आले नाही, कारण व्याख्यान सकाळी होते आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेल्यांनाही त्यासाठी थांबवून ठेवले होते.

व्याख्याते म्हणून ठाणेदाराने आपल्या उस्तादांना बोलावले. प्रशिक्षणाच्या मैदानावर त्याला कवायत शिकवणारे ते वृद्ध गृहस्थ आता गावाबाहेर पेरूची बाग सांभाळत होते. त्यांना आणायला तो स्वतः गेला आणि जीपमध्ये त्याने आपले गाऱ्हाणे मांडले. कोळप्यांची हकीकत सांगितली, त्यांच्या बायकोचे बोलणे सांगितले, आणि माझ्या माणसांना जरा कणखर करून द्या, अशी विनंती केली. उस्तादांनी एकच विचारले, की हजेरीच्या वेळी हुकूम कोण देतो.

"मीच देतो, उस्ताद."

"सगळे?"

"सगळे."

यावर उस्ताद मान वळवून बाहेरची शेते पाहत राहिले.

ठाण्याच्या अंगणात माणसे जमली होती. पहिल्या रांगेत मोठे साहेब बसले होते, मागे रात्रभर जागलेले तांबारलेले डोळे. स्वागत झाले, हार झाला. उस्तादांनी ध्वनिक्षेपक बाजूला सारला आणि जुन्या मैदानी आवाजात एकच शब्द उच्चारला.

"सावधान."

खुर्च्या सरकल्या, टाचा जुळल्या. मोठे साहेबही सवयीने उठून उभे राहिले. मग उस्ताद शांतपणे खुर्चीवर बसले, त्यांनी पिशवीतून एक पेरू काढला, चाकूने चिरला आणि फोडी करून ते खाऊ लागले.

प्रथम सर्वांना वाटले, की काही तरी सांगणार असतील. मग वाटले, ही परीक्षा असावी. एकदा तसे वाटल्यावर मग काय विचारता, प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा जास्त ताठ होऊ लागला. पोलिसांचा ताण घालवण्यासाठी बोलावलेल्या सभेत ताठ राहण्याची चढाओढ लागली. ठाणेदाराची छाती अभिमानाने फुगली. कोण म्हणतो माझी माणसे कच्ची आहेत, असे त्याला त्या घटकेला वाटून गेले.

उस्तादांचा पेरू संपला. त्यांनी हात पुसले, डोळे मिटले. ऊन अंगणात उतरले. गुडघे आवळून उभा राहिलेला एक तरुण शिपाई रांगेत मटकन खाली बसला. त्याला सावरायला कुणी पुढे झाले नाही, कारण हुकूम सुटला नव्हता. ज्याने सावधान दिले त्यानेच विश्राम द्यायचा, हा मैदानाचा नियम त्यांच्या हाडांत मुरला होता. मोठ्या साहेबांच्या कपाळावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला, पण त्यांनीही हात उचलला नाही.

ठाणेदाराची नजर कोळप्यांवर गेली. हवालदार टाचा जुळवून उभे होते, त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते झोपलेले होते. उभ्या माणसाला अशी झोप लागलेली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांचे शरीर पुढे कलत होते, सावरत होते, पुन्हा कलत होते. भांडे पडले तरी उठून उभा राहणारा माणूस म्हणजे काय, हे तेव्हा त्याला कळले. हा माणूस आता पडला तर पुन्हा उठणार नाही, असे त्याला वाटले. त्याने उस्तादांकडे पाहिले. उस्तादांचे डोळे मिटलेलेच होते. त्याने मोठ्या साहेबांकडे पाहिले. ते समोर पाहत होते.

ठाणेदार रांगेतून बाहेर आला. गुरूचा हुकूम मोडायचा, तोही वरिष्ठांच्या देखत, हे त्याच्या आजवरच्या नोकरीत बसणारे नव्हते. तरी तो ओरडला.

"विश्राम!"

सगळे अंगण एका श्वासात सैल झाले. कोळप्यांना दोघांनी धरून खाली बसवले. उस्तादांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"याचीच वाट पाहत होतो," ते म्हणाले. "तुम्हाला मी हे दोन हुकूम एकाच दिवशी, जोडीने शिकवले होते. एक तुम्ही जपलात, दुसरा हरवलात. वरच्याने सावधान म्हटलं, मधल्याने तेच खाली पाठवलं. विश्राम मात्र प्रत्येकाला मेहेरबानी वाटली, म्हणून कुणी ती केली नाही. अरे, ती मेहेरबानी नाही, तोही हुकूमच आहे, आणि जो सावधान म्हणतो त्याच्यावर तो द्यायचं कर्तव्य आहे. ज्याला विश्राम मिळत नाही तो एक दिवस स्वतःच घेतो. कुणी बाटलीत घेतो, कुणी गरिबाच्या कानफटात घेतो. आणि कुणी असा घेतो, की परत सावधान म्हणायला तोच उरत नाही."

असा जीव दिलेल्या एखाद्याचे नाव अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मोठे साहेब घाम पुसत म्हणाले, की हे सारे ऐकायला ठीक आहे, पण उद्या मंत्र्यांचा दौरा आहे, सुट्ट्या रद्द आहेत, आणि मनुष्यबळ कमी आहे ते आहेच.

"माणसं कमी आहेत हे खरंच आहे, साहेब," ठाणेदार म्हणाला. "म्हणून आहेत तीही मोडायची का? रात्रपाळी केलेले आता घरी जातील. कोळपेही जातील. हा माझा हुकूम आहे."

"याचा लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देतो. आणि त्यांची सुट्टी प्रत्येक वेळी मीच कापली, हेही त्यात लिहितो. निलंबनाच्या प्रस्तावावर मी सही करणार नाही."

साहेबांची गाडी निघून गेली. जीपकडे जाताना ठाणेदाराने विचारले, की मार खाल्लेल्या त्या हातगाडीवाल्याचे काय करावे. त्याची माफी मागायलाच हवी, असे उस्ताद म्हणाले, पण हवालदाराने ती झोपून उठल्यावर मागावी. झोपेत मागितलेली माफी त्या बिचाऱ्याच्या काय कामाची.

दौऱ्याच्या दिवशी चौकात माणसे कमी होती, म्हणून ठाणेदार स्वतः शिट्टी घेऊन उभा राहिला. दौरा पार पडला. चौकशीही झाली. कोळप्यांची वेतनवाढ रोखली गेली, ठाणेदाराला सक्त ताकीद मिळाली, आणि पुढील आठवड्यात सुट्ट्या रद्द करण्याचा आदेश पुन्हा आला. त्याने तो वाचला, हजेरी घेतली, आणि रांगेसमोर ज्यांची सुट्टी होती त्यांची नावे घेऊन मोठ्याने विश्राम म्हटले. दुसरी ताकीद आली. त्याने ती पहिलीच्या शेजारी ठेवली.

एका सकाळी कोळप्यांची बायको फाटकाशी आली. या वेळी तिच्या हातात डबा नव्हता. हवालदार स्वतः केळीवाल्याकडे जाऊन आले, हे तिने सांगितले. तो आधी बोललाच नाही, मग त्यांना बसायला खोके दिले, असेही सांगितले. जायला निघाली आणि पुन्हा वळली.

"काल माझ्या हातून परात पडली, साहेब. ते कूस बदलून झोपले."

आपण तिच्यासमोर मघापासून टाचा जुळवून, गुडघे आवळून उभे आहोत, हे तेव्हा ठाणेदाराच्या ध्यानात आले. त्याने डावा पाय बाजूला घेतला आणि सैल उभा राहिला.