बंद इंजिनाचा उतार

“म्हणजे गाडी चालते?” लतीफ वस्तादांनी विचारलं.

“चालते म्हणजे काय, पळते!” गजेंद्र म्हणाला. “हा घाट पूर्वी दुसऱ्या गियरवर धापा टाकत चढायची. आज तिसऱ्यावर आली.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

गजेंद्रने मागे वळून पाहिलं. सीताफळीच्या झुडपांपाशी निळी गाडी उभी होती. मागच्या सीटवर त्याचे वडील, अण्णा, पिशवी मांडीवर धरून ताठ बसले होते. परक्याच्या गाडीत माणूस अंग चोरून बसतो, तसे.

“अण्णा म्हणतात, ही आमची गाडी नव्हे.”

समोर शेळी झाडपाला ओढत होती, वस्ताद तिच्याकडे बघत राहिले…

दुपार कलली होती. बालाघाटाच्या माथ्यावर कुसळी गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि वाऱ्याबरोबर एका अंगाला वाकत होतं. उन्हात सगळंच जरा विरघळल्यासारखं दिसत होतं.

लतीफ वस्तादांनी चाळीस वर्षं या डोंगरातल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त केली होती. चार शेतं ओलांडून येणारा ठोका ऐकून ते सांगायचे, कुणाच्या इंजिनाचा वॉल्व्ह जळालाय. मग एक दिवस त्यांनी हत्यारांची पेटी देऊन टाकली. तरी माणसं यायची थांबली नव्हती. कुणी इंजिन घेऊन यायचं, कुणी नुसतंच.

गजेंद्र पांचाळ त्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकला. आता बार्शीत त्याचं मोठं गॅरेज होतं. पाच मेकॅनिक हाताखाली होते. पण त्या सहा वर्षांत वस्तादांच्या तोंडून एकदाही ‘वा’ निघालं नव्हतं, आणि ते एवढंसं त्याला अजून सलत होतं.

“जुनं पेट्रोलचं इंजिन होतं,” तो सांगू लागला. “त्याचा एकही सुटा भाग आता मिळत नाही. मी डिझेलचं बसवलं. गियरबॉक्सला जुळेना, म्हणून मधली प्लेट स्वतः लेथवर उतरवली. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. थरथर यायला लागली, म्हणून इंजिनाखालची फाउंडेशनची रबरं तीनदा बदलली. आवाज दाबायला बॉनेटला आतून जाड नमदा लावला. सीटला हात लावला नाही, स्टिअरिंगला नाही. दारावरचा ओरखडासुद्धा तसाच ठेवलाय, वस्ताद!”

“अण्णांच्या डोळ्यांचं काय?”

“काचबिंदू. गेले दोन्ही. पाच वर्षं झाली.”

“अं…”

“तीस वर्षं टॅक्सी चालवली त्यांनी, हीच. डोळे गेल्यावरसुद्धा रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून चक्कर मारायचे. आता आठ महिने झाले, उंबरा ओलांडला नाही. मी हात धरून त्यांचा हात दाराला लावला. म्हणाले, दार आमचं आहे, गाडी दुसऱ्याची आहे. आज तुमचं नाव सांगितलं तेव्हा कसेबसे बसले, तेही मागे.”

गजेंद्र थोडा पुढे सरकला.

“थरथर अजून राहिली असेल कुठेतरी. मला सापडत नाही. तुम्ही ऐका आणि नेमकी चूक दाखवा. बॉनेट उघडू?”

“नको.”

“मग सुरू करू?”

“कर.”

इंजिन धडधडलं. गजेंद्रला वाटलं, आता वस्ताद कान लावतील. पूर्वी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे.

वस्तादांनी मागचं दार उघडलं आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसले.

“कसं आहे, नागनाथराव?”

“चाललंय, वस्ताद. कुणाची गाडी आहे ही? आवाज दांडगा आहे.”

गजेंद्रच्या कानशिलाला चटका बसला.

“तलावाकडे घे,” वस्ताद म्हणाले.

माथ्यावरून तलावाकडे जाणारा रस्ता लांबलचक आणि संथ उताराचा होता. त्यावर माणूस नव्हतं, वाहन नव्हतं. खाली पाणी दिसत होतं. ऊन पडल्यानं ते पाणी आहे की आभाळाचा तुकडा, हे कळत नव्हतं.

उताराच्या तोंडाशी वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बंद कर.”

“काय?”

“इंजिन. बंद कर.”

“वस्ताद, बंद इंजिनात तुम्हाला ऐकू काय येणार?”

खांद्यावरचा हात तसाच होता.

गजेंद्रने गियर काढून घेतला आणि बंद करायची मूठ ओढली. धडधड थांबली. गाडी क्षणभर अडखळली, आणि मग आपल्याच वजनानं हळूहळू निघाली.

आधी काहीच ऐकू येईना.

मग टायरखालची खडी आली. मग वारा. तो दारांच्या फटीतून बारीक शिट्टी घालत आत येत होता. गवताचा वास आला. दोन्ही बाजूंची झुडपं आवाज न करता मागे सरकत होती, जणू गाडी जागेवरच होती आणि डोंगरच वर चालला होता. गजेंद्रने कितीतरी वर्षांत अशी गाडी चालवली नव्हती. ब्रेकवर पाय, बाकी हातात काही नाही.

“मागच्या डाव्या स्प्रिंगचा पाटा बोलतोय,” अण्णा म्हणाले.

गजेंद्रने आरशात पाहिलं. अण्णांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली होती. त्यांचा हात सीटच्या कडेवरून फिरत होता.

“बोलतोय ना, वस्ताद?”

“बोलतोय.”

“आणि ही काच. खड्डा आला की दोनदा खडखडते. एकदा नाही, दोनदा.”

खड्डा आला. काच दोनदा खडखडली.

अण्णा हसले नाहीत. त्यांचे ओठ मात्र हलले.

“गजा.”

“काय, अण्णा?”

“ही आपली गाडी आहे.”

“आपलीच आहे, अण्णा. मी आठ महिने तेच तर…”

“मग माझं इंजिन कुठंय?”

गजेंद्रचा पाय ब्रेकवर दाबला गेला, मग सैल झाला. गाडी सरकत राहिली.

खोटं बोलायला काही हरकत नव्हती. आठ महिने तो एकच वाक्य बोलत आला होता, की रिपेअर केलंय, तेच आहे. तेच वाक्य जिभेवर आलंही. पण इंजिन चालू असताना ते जसं सहज निघून जायचं, तसं या शांततेत निघेना.

“गॅरेजच्या मागे आहे,” तो म्हणाला. “ताडपत्रीखाली. ब्लॉकला तडा गेला होता. मी पुष्कळ बघितलं, अण्णा. जोडता येण्यासारखा नव्हता.”

“कधी?”

“होळीनंतर. तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आणलं, त्या दिवशी.”

“रस्त्यात बंद पडलं?”

“नाही. दारापर्यंत आलं. तुम्ही उतरून आत गेलात. मी गाडी मागं घ्यायला लागलो आणि मग…”

“घरी सोडून गेलं म्हण की मला.”

“हो.”

अण्णांनी तोंड खिडकीकडे वळवलं. वारा त्यांच्या पांढऱ्या केसांशी खेळत होता. वस्ताद दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते. गाडीत आपण नाहीच, असे बसले होते.

“मला सांगितलं का नाहीस?”

गजेंद्रला ‘तुम्हाला वाईट वाटलं असतं’ असं म्हणायचं होतं. तेही खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

“मला वाटलं, कळणारच नाही तुम्हाला,” तो म्हणाला. “मला असं बसवायचं होतं, की तुम्हालासुद्धा कळू नये…”

“डोळे गेले होते रे माझे,” अण्णा म्हणाले. “मी होतो की.”

रस्ता सपाट होत आला. गाडीचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि तलावाच्या काठाशी ती आपणहून थांबली. पाण्यावर एक तरंग आला, काठाला लागला, विरला.

गजेंद्रने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला आपल्या खांद्यांची थरथर कळत होती. ती थांबवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

मागचं दार उघडलं. अण्णा उतरले. गाडीच्या अंगावर हात टेकत, पत्रा चाचपत, ते पुढच्या दाराशी आले आणि त्याच्या शेजारी बसले.

“बार्शीला गेलो की दाखव ते जुनं इंजिन,” ते म्हणाले. “हात लावीन म्हणतो एकदा.”

“हो, अण्णा.”

“आता हे लाव.”

इंजिन लागलं. धडधड पायांतून वर आली. अण्णांनी दोन्ही तळवे डॅशबोर्डवर पसरून ठेवले आणि मान जराशी कलती केली.

“केवढा दणकट आहे गडी! उसाच्या तोडणीला घालायचा तो गाडीत घातलास.”

“थरथर आहे अजून, अण्णा.”

“असू दे. अजून नवखा आहे. मला आधी सांगितलं असतंस, तर आठ महिन्यांत ओळख झाली असती… पेट्रोलचं इंजिन चढाला रेटावं लागायचं. ह्याचं काय?”

“हा खालूनच, कमी रेसवरच ओढतो. जास्त रेटायचं नाही.”

“हं. बघू, चढ कसा घेतो.”

गजेंद्रने डोळे पुसले आणि आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. लतीफ वस्ताद केव्हाच उतरून काठावर उभे होते आणि धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होते.

तो घाईघाईनं खाली उतरला. वस्तादांच्या पायांना हात लावला. विचारायचं खूप होतं, पण एकही प्रश्न इंजिनाचा राहिला नव्हता.

“बसा ना, वस्ताद. वर घरी सोडतो. मैलभर चढ आहे, मागची अख्खी सीट मोकळी आहे.”

वस्तादांनी गाडीकडे पाहिलं. पुढच्या सीटवर अण्णा डॅशबोर्डवर तळवे ठेवून, इंजिनाच्या ठोक्याबरोबर बारीक मान हलवत होते.

“नको, बाळा,” वस्ताद म्हणाले. “गाडी भरली.”