खालच्या विमानाचा हक्क

"आधी उतरायचा हक्क कोणाचा?"

"खालच्या विमानाचा, सर." प्रश्न पुरता संपायच्या आत शलाकाने उत्तर दिलं.

विमान शिकवणारे कॅप्टन अरणकल्ले यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या टेबलावर उद्याच्या उड्डाणाचा कागद होता. एकटीने दीडशे मैल जायचं, अनोळखी धावपट्टीवर उतरायचं आणि परत यायचं. विमान एकच मोकळं होतं, म्हणून नावही एकच. सरांची सही तेवढी बाकी होती, तीच घ्यायला ती आली होती.

सकाळपर्यंत त्या कागदावर इम्तियाज काझीचं नाव होतं.

सकाळी इम्तियाज उतरायला आला, जमीन शंभर-दीडशे फुटांवर राहिली आणि तो इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर निघून गेला. खाली आल्यावर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा म्हणाला, "समोरचं विमान उशिरा दिसलं, सर. माझा अंदाज चुकला." ज्याला विमान उशिरा दिसतं त्याला एकट्याला लांब पाठवत नाहीत. त्याचं नाव खोडलं गेलं आणि यादीतलं पुढचं नाव वर आलं.

समोरचं विमान शलाकाचं होतं. यादीतलं पुढचं नावही तिचंच.

ती तेव्हा काही बोलली नव्हती. वहीत उगाच रेघा ओढत बसली होती.

"आपल्या मैदानावरची हवाई हद्द कुठल्या वर्गात येते?" सरांनी विचारलं.

हे तर तोंडपाठ होतं. "जी वर्गात, सर. डी वर्ग असता तर विमानांना सूचना देणारा टॉवर असता. त्याने परवानगी दिल्याशिवाय आत पाऊल टाकता आलं नसतं, कोण आधी कोण मागून हेही त्यानेच सांगितलं असतं. इथं तसं कोणी नाही. ज्याने त्याने रेडिओवर आपली जागा सांगायची, डोळे उघडे ठेवायचे आणि नियमाने चालायचं."

"छान. आता तो उतरायचा नियम पुरा म्हण."

"दोन विमानं उतरायला येत असतील, तर वरच्याने खालच्याला वाट द्यावी."

"पुढे?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. पुढचं वाक्य तिला येत होतं. नियमांच्या पेपरात तिला शंभरात शहाण्णव मिळाले होते, ते काही अर्ध्या नियमावर नव्हे.

"मात्र…" तिने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. "मात्र खालच्याने या हक्काचा फायदा घेऊन, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या विमानापुढे घुसू नये."

"पेपरात लिहिलं होतंस हे?"

"हो, सर."

"आणि सकाळी?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "सर, मी रेडिओवर सांगितलं होतं. वळताना सांगितलं, सरळ झाल्यावर पुन्हा सांगितलं…"

"सांगितलंस. बाहेर बाकावर रेडिओ घेऊन बसलो होतो, मी ऐकलं. तो दिसला होता तुला?"

"हो."

तो 'हो' तोंडातून निसटला आणि ती स्वतःच दचकली. अडवायला हवा होता, असं पहिल्यांदा मनात आलं. आणि असं मनात आलं याची तिला जास्त लाज वाटली.

सर खुर्चीतून उठले. "हात पुढे कर. तळवा खाली. हे तुझं विमान. टेबल म्हणजे धावपट्टी. ये हळूहळू उतरत."

शलाकाचा हात सावकाश खाली येऊ लागला. टेबल वीतभर राहिलं असताना सरांचा तळवा बाजूने, खालून सुळकन तिच्या बोटांपुढे घुसला.

तिचा हात झटक्यात वर गेला.

"का उचललास?"

"लागला असता, सर."

"उचलताना नियम आठवला?"

"नाही. आपोआप गेला वर."

सरांचा हात टेबलावर टेकलेला होता. तिचा अजून हवेतच होता. तो खाली घ्यायचं तिला सुचत नव्हतं.

"मग सकाळी तुला वाट कोणी दिली? नियमाने?"

तिने आपला हात हळूच खाली घेतला.

"इम्तियाजने," ती म्हणाली.

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. सही करतो म्हणाले नाहीत. करत नाही असंही म्हणाले नाहीत.

कागद तसाच टाकून शलाका बाहेर पडली.

हँगरच्या सावलीत इम्तियाज ओल्या फडक्याने विमानाच्या काचेवरचे मेलेले किडे पुसत होता. तिला बघून हसला. "काय मग, उद्या निघाली स्वारी? तिकडच्या कॅन्टीनचा वडा खाऊन ये आणि कसा होता ते सांग. आम्ही आपले इथेच किडे पुसतो."

"सकाळी तू मला ओळखलं होतंस?"

"ओळखलं म्हणजे? शेपटीवरचा नंबर वाचला मी. एवढ्या जवळून तर तो रंगवणाऱ्यानेही पाहिला नसेल."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

इम्तियाजने फडकं पिळलं. "मला विमान उशिरा दिसलं, हे खरंच आहे. तू वळत होतीस तेव्हाच दिसायला हवं होतं. ते माझं, ते मी बोललो. तुझं मी कशाला बोलू?"

यावर काय बोलायचं, हे शहाण्णव गुणांत कुठंच नव्हतं. तिने त्याचं मनगट धरलं आणि ओलं फडकं हातात असलेल्या इम्तियाजला तसंच ओढत सरांच्या खोलीत आणलं.

"सर, तो मला दिसला होता." आता ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "आधी उतरून मोकळं व्हायचं म्हणून मी मुद्दाम आत वळले. खालून, त्याच्या पुढे. त्याची चूक नव्हती. खाली आल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा मी गप्प बसले, कारण त्याचं नाव खोडलं की माझं येणार हे मला माहीत होतं."

इम्तियाज जमिनीकडे बघत राहिला. फडक्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

सरांनी कागद ओढला, शलाकाचं नाव खोडलं, वर पुन्हा 'इ. काझी' लिहिलं आणि सही केली. कागद इम्तियाजला दिला. "पहाटे साडेपाचला हवामान बघून ये. आणि वळणावर मान फिरव, मान. मानेला काय लचक भरली आहे का?"

"हो, सर." इम्तियाज गेला.

शलाका उभीच होती. सर चष्मा पुसू लागले. ते काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, मला महिनाभर जमिनीवर ठेवा. माझ्या उड्डाणांच्या लॉगबुकात लिहा हे. रोज सगळी विमानं मी धुते. आणि उद्या सगळ्यांसमोर मी स्वतः…"

ती थांबली. सर तिच्याकडे बघत होते.

"मी अजून बोललोही नाही…" ते म्हणाले, "आणि तू पुन्हा आधी उतरून मोकळीसुद्धा झालीस?"