राणीनं उरवलेल्या पुड्या

एक होती राणी, हिरावती नावाची. इतकी काटकसरी, की सांगायची सोय नाही! उरलंसुरलं सगळं डब्यात. तिची एकुलती एक लेक शेवंता. ए मने, पांघरुणात पाय आवर गं, गोष्टीत आता खरी मजा आहे!

एकदा काय झालं, शेवंताच्या घशात शिरले जंतू. डोळ्यांना दिसायचे नाहीत असे इवलाले, पण हजारो! पोर तापानं फणफणली. सगुणा वैदीण आली, तिनं सात पुड्या दिल्या. म्हणाली, "राणीसाहेब, रोज एक. सातही संपवायच्या हं."

मग काय! पुडी पोटात गेली नि जंतू पटापट मरायला लागले. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात नाचायला लागली. राणी म्हणाली, "बरी झाली की! चार पुड्या ठेवून देते, पुढच्या वेळी होतील." घ्या! शहाणपण नुसतं उतू चाललं होतं बाईचं.

पण बरं का, हजारांत चारदोन जंतू मुळातच चिवट होते. दुबळे तीन पुड्यांत मेले, चिवट उरले; त्यांना सातही लागल्या असत्या. मग त्यांना जागाच जागा! एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सगळी पिल्लावळ तशीच चिवट.

महिन्यानं पुन्हा ताप. राणीनं डब्यातल्या दोन पुड्या दिल्या. ताप जरा उतरला, की लगेच हात आखडला. मग मागे राहिले ते त्याहून चिवट! तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा उरलेल्या दोन्ही दिल्या. जंतू ढिम्म हलेनात! शेवंता डोळे उघडेना. राणीनं वैदिणीला बोलावणं धाडलं.

वैदीण धावत आली. राणी रडत म्हणाली, "अगं, माझ्याच हातानं केलं गं मी हे!"

वैदिणीनं दुसरंच औषध काढलं, कडू जहर. "दहा दिवस द्यायचं. यालाही जंतू पुरून उरले, तर माझ्याकडे आणखी काही नाही."

चौथ्या दिवशी शेवंतानं खायला मागितलं. पाचव्या दिवशी ती पळतच सुटली. "आई, मी बरी झाले! नको ते कडू!"

आणि राणी? पदर खोचून मागे धावली! दालनातून अंगणात, अंगणातून गोठ्यात! धरलं एकदाचं. नाक दाबलं, की तोंड उघडतंच. असं रोज, बरं का, दहावा दिवस संपेपर्यंत!

मग वैदिणीनं घसा पाहिला, लाली नाही, सूज नाही. म्हणाली, "गेले सगळे." राणीनं लेकीला पोटाशी धरलं, ते सोडेचना. "आई, गुदमरतेय मी!" शेवंता ओरडली, नि दोघी हसत सुटल्या. पुढे मायलेकी सुखानं नांदल्या. तुम्हीही नांदा. हं, मिटा डोळे!