पाचव्या खेपेची पायरी

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी गारवा, अकरानंतर ऊन चटकणारं. आभाळ निरभ्र.

"पण ती वाकली कुठे, ते तर सांगा."

हर्षदा भंगाळे हे तिसऱ्यांदा विचारत होती. समोर स्टुलावर सुभान तडवी बसले होते. जळगावच्या या प्लास्टिकच्या शेडमध्ये त्यांची एकोणतीस वर्षं गेली. त्यांनी मान डोलावल्याशिवाय इथं मशीनवर साचा चढत नाही.

हर्षदा इंजिनियर. येऊन चार महिने झालेले. पाण्याच्या टाकीच्या शिडीची पायरी तिनं नव्या मालाऐवजी पाचदा वितळवलेल्या, म्हणजे पाचव्या खेपेच्या मालातून काढली होती. या मालात बारीक चिकणमाती मिसळलेली असते, त्यानं प्लास्टिक कडक होतं. पायरी पास झाली तर मालक तिची नोकरी कायम करणार होते. नमुने संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे जायचे होते.

"वाकली नाही," तडवी म्हणाले.

"शंभर किलो वाळूची पोती चोवीस तास ठेवली, बाबा. नवी पायरी जेवढी दबली तेवढीच ही दबली."

"पाहिलं मी."

"मग अडलंय कुठं?"

तडवींनी चहाचा घोट घेतला.

"माती वितळत नाही, जळत नाही," हर्षदा म्हणाली. "पाचदा काढा नाहीतर पन्नासदा. आणि दुसऱ्या खेपेचा माल पहिल्यापेक्षा सरस निघालाय. मी मोजलंय, अंदाज नाही मारलेला."

"खरं आहे. दुसऱ्या वेळी माती नीट पसरली."

"म्हणजे मान्य."

"माती शाबूत आहे, पोरी. तिला धरणारं प्लास्टिक थकलंय."

"असं रिपोर्टात लिहिता येत नाही."

दर खेपेला मालाची एक पट्टी काढून ती भिंतीवरच्या तारेत अडकवायची, ही तडवींची जुनी सवय. त्यांनी पहिली आणि पाचवी पट्टी उतरवली आणि तिच्या हातात दिली.

पहिली तिनं दुमडली. घडीवर पांढरी पडली, तुटली नाही. पाचवी अर्धीही वाकली नव्हती तोच तिचे दोन तुकडे झाले.

हर्षदानं तुकडे टेबलावर ठेवले.

"पायरी कुणी दुमडत नाही. पायरीवर माणूस उभा राहतो."

"बरं. मग उभी राहा."

त्यांनी विटांच्या दोन थप्प्या रचल्या आणि पाचव्या खेपेची पायरी त्यांवर आडवी टाकली. हर्षदा चढली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"मॅडम, हार आणू का?" मशीनवरून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"बघा," ती तडवींना म्हणाली.

"बघितलं. आता चढ."

"चढलेलीच आहे की."

"उभी आहेस... उतर. चढ. परत उतर. टाकीवर माणूस जसा जातो तशी."

ती उतरली, चढली. पुन्हा उतरली. तडवी बोटांच्या पेरांवर मोजत होते. दहाच्या पुढं ती स्वतःच मोठ्यानं मोजू लागली. पंधराव्याला त्यांच्याकडे बघत तिनं मुद्दाम पाय आपटला. सोळा. सतरा. अठरा.

एकोणिसाव्याला पायरी मधोमध फुटली आणि तिचा पाय फरशीवर आदळला.

आता कुणी हसलं नाही.

"एखादी निघते तशी. दुसरी द्या."

दुसरी सोळाव्याला गेली.

"तिसरी."

"घोटा सोललाय तुझा."

"तिसरी द्या, बाबा."

तिसरी बाविसाव्याला गेली.

"आता नव्या मालाची. सगळं माझ्या पायरीवरच का? तिचीही परीक्षा होऊ दे."

तडवींनी नवी पायरी स्वतः विटांवर ठेवली. हर्षदा चढत राहिली. शंभर झाले. दोनशे झाले. दोनशे चाळीसला तिला धाप लागली, तेव्हा ती थांबली. पायरीला चराही नव्हता.

"ही पण कधीतरी तुटेल," ती म्हणाली.

"तुटेल."

"मग पाचव्या खेपेचा माल काय, उकिरड्यावर टाकायचा? मी टाकणार नाही. नोकरी गेली तरी टाकणार नाही."

तडवी स्टुलावरून उठले. पाचव्या खेपेची उरलेली चौथी पायरी त्यांनी विटांवर ठेवली, तिच्यावर ऐसपैस बसले आणि पायावर पाय टाकला. मग चाचणीचं रजिस्टर पेनासकट तिच्यापुढं धरलं.

"टाकायला कोण सांगतंय? लिही. पाचवी खेप. बसायला पास. चढायला एकोणीस, सोळा, बावीस."