गोजरेची लेक आणि राणीची परडी

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. फार फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका बुरूडवाडीत गोजरा नावाची बाई राहत होती. तिची लेक चिमा आणि शेजारच्या सगुणेची ठकी एका वयाच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. दोघी आपापल्या आईकडून बांबूच्या परड्या विणायला शिकत होत्या.

त्या राज्याची राणी देवीच्या फुलांसाठी दरवर्षी वाडीतली एक परडी निवडी; एका वर्षी ठकीची परडी निवडली गेली. वाडीभर तिचं कौतुक झालं. गोजरा मात्र हेव्याने जळली, त्या रात्री जेवलीही नाही.

दुसऱ्याच दिवसापासून चिमाचं खेळणं बंद झालं. वीण जराशी सैल दिसली, की गोजरा अख्खी परडी उसवून टाकी.

"ठकीची बोटं बघ आणि तुझी बघ!" ती म्हणे. "तिच्याकडे पाऊल टाकायचं नाही. आधी तिच्या पुढे जाऊन दाखव."

बांबूच्या धारदार कामट्यांनी बोटं कापत. चिमा चिंध्या बांधून विणत राही.

वर्ष सरलं. या वेळी राणीने चिमाची परडी निवडली. गोजरेने घरोघर गूळ वाटला. ठकी धावत आली, तिने मैत्रिणीला मिठी मारली.

"चिमे, पुढच्या वर्षासाठी मी नवीच वीण काढलीय. ये ना, तुलाही शिकवते!"

चिमा पाठ फिरवून घरात गेली.

दोन दिवसांनी सगुणेच्या अंगणात आरडाओरडा झाला. ठकीच्या नव्या परडीचे तुकडे तुकडे झाले होते, आणि कोयता चिमाच्या हातात होता.

गोजरा धावली. "काय केलंस हे, पोरी?"

"ठकीचं कौतुक झालं, की तू जेवत नाहीस, आई," चिमा म्हणाली. "आता जेवशील ना?"

साऱ्या वाडीसमोर गोजरेने सगुणेचे पाय धरले.

"कोयता हिच्या हातात होता, बाई. पण घाव माझा आहे."

सगुणेने तिला उठवलं, क्षमाही केली. पण ठकी पुन्हा गोजरेच्या दारात आली नाही. आणि एवढी गुणी चिमा, तिने पुन्हा कधी कामटी हातात धरली नाही.

दुसऱ्याच्या लेकराचा हेवा करून आपलं लेकरू वाढवलं, तर ते कला शिकेल न शिकेल, हेवा मात्र नक्की शिकेल.