चिंधी बांधलेलं फळ

“माझं चुकतंय कुठे, तेवढं सांगा.”

कारखानीससाहेबांनी विचारलं खरं, पण सूर असा की चूक सापडलीच तर ती मातीची निघावी.

दस्तगीरबाबा वाफ्यातलं गवत उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वाघजाईच्या माळावर एक लहानसा दर्गा आहे. मागे विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर जगणारा चार वाफ्यांचा परसू. बाबा तिथले फकीर. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात चार, आणि बोलणंही तेवढंच.

कारखानीस शेतीखात्यातून निवृत्त झालेले. बियाणं कसं निवडावं, यावर त्यांनी तीस वर्षं गावोगाव भाषणं दिली होती. त्यांच्या परसातल्या टोमॅटोला तालुक्याच्या प्रदर्शनात ओळीनं तीन वर्षं पहिला नंबर मिळाला होता. तिन्ही कप दिवाणखान्यात होते. टोमॅटो मात्र आता तसे येत नव्हते.

“हुतंय काय?” बाबांनी विचारलं.

“फळ धरतं. पण लिंबाएवढं, आणि आंबट. पूर्वी एकेक फळ अर्ध्या किलोचं व्हायचं. गोड. नुसतं चिरून खावं असं.”

“माती?”

“तपासून घेतली.”

“खत?”

“शेणखत आणि निंबोळी पेंड. मापानं.”

“पानी?”

“ठिबक बसवलंय.”

“झाडाला आधार?”

“बांबू रोवले, सुतळी बांधली. बगलेतले फुटवे मी स्वतः खुडतो.”

सगळी उत्तरं बरोबर होती. तोंडी परीक्षेत पहिला येणाऱ्या पोरासारखी साहेबांची मान ताठ झाली.

“आन् बी?”

“घरचंच. म्हणजे मूळ तुमच्या इथलं. आमच्या हिनं नेलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी.”

“त्ये ठावं हाय मला. ह्या वर्साचं बी कुठल्या फळाचं?”

“आमच्याच झाडाच्या...”

“कुठल्या फळाचं?”



...

जुन्या बायकांची एक रीत आहे. परसातलं सगळ्यांत चांगलं फळ त्या बियाला राखतात. काकडी असो, दोडका असो, भोपळा असो. देठाला एक चिंधी बांधून टाकतात. चिंधी दिसली की त्या फळाला घरातलं कुणी हात लावत नाही. घरभर धुडगूस घालणारी पोरंसुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत. ते वेलीवरच पिकतं, मऊ पडतं, आणि मग त्याचं बी निघतं.

साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या भाषणात ही रीत यायची. ऐकणारे माना डोलवायचे.

“बाई चिंधी बांधायची का?”

“बांधायची.”

“मग?”

“प्रदर्शन जानेवारीत असायचं. आणि सगळ्यांत मोठं फळ नेमकं तेच असायचं.”

“तोडलं?”

“एकदाच, म्हणून तोडलं.”

“किती बारी?”

“... तीनदा.”

बाबांनी मूठभर गवत बाजूला टाकलं. मुळांची माती झटकली.

“बाई काय म्हनली?”

“पहिल्या वर्षी म्हणाली, अहो, ते बियाचं होतं.”

“दुसऱ्या?”

“काही म्हणाली नाही.”

“तिसऱ्या?”

“कपाला हळदीकुंकू लावलं.”

विहिरीवरचा रहाट वाऱ्यानं कुरकुरला. बाबा तिकडे बघत राहिले.

“मग बी कशातनं धरलं तिनं?”

“बाटलीत जुनं होतं, ते पुरवलं दोन-तीन वर्षं. मग जी फळं उरायची त्यातून. शेंड्याची, तडकलेली... जी स्वयंपाकघरात यायची त्यातून.”

“आन् लोकास्नी तुमी काय सांगायचा?”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“उत्तम फळाचंच बी धरा, म्हणून सांगायचो.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाबा असलं काही बोलले नाहीत. पण साहेबांना ते ऐकू आल्यासारखं झालं, आणि ऐन माघातल्या गार वाऱ्यात त्यांची मान घामानं भिजली.

“बी पायजे म्हनून आलासा?”

“नाही.”

“मग?”

“फळ पाहिजे. एकच. त्या जातीचं तुमच्याकडे असलं तर.”

“कशाला?”

 साहेब वाफ्याच्या कडेला, इस्त्रीच्या पॅंटीनिशी, खाली मातीत बसले.

“परवा शरयूचं वर्षश्राद्ध आहे.”

बाबांचे हात थांबले.

“दहाव्याला कावळा शिवला नाही, बाबा. दोन तास नदीवर उभे होतो. मुलगा म्हणाला, आई, मी वडिलांना पुण्याला नेईन. सून म्हणाली, तुळशीला रोज पाणी घालीन. मी म्हणालो, तुझा परसू मोडणार नाही. ज्याला जे सुचलं ते तो बोलला. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता. बघत होता. पण खाली उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, आणि आम्ही घरी आलो.”

“मग?”

“वर्षभर एकच विचार. काय राहिलं होतं तिचं? आणि मग मागच्या आठवड्यात कप पुसताना आठवलं.”

“काय?”

“तिनं ते फळ कधी खाल्लंच नाही.”

“एकदाबी?”

“पहिली पाटी मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जायची. दुसरी मुलाकडे. मग शेजारी, पाहुणे... सगळे म्हणायचे, काय गोडी आहे! तीही हसायची. तडकलेली तेवढी तिच्या आमटीत पडायची. सव्वीस वर्षं तिनं ते झाड वाढवलं, आणि मी तिला कधी विचारलं नाही की तू चाखलंस का.”

आता साहेबांना रडू आवरेना. तीस वर्षं सभा गाजवलेला माणूस, पण रडताना काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो नुसता मातीकडे बघत राहिला आणि डोळे वाहत राहिले.

“म्हणून एकदा तरी तिच्या पानात वाढायचंय. भटजी म्हणतात, श्राद्धाला टोमॅटो चालत नाही. म्हटलं, चालवून घ्या.”

...

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“माजं मूळ बी दुष्काळातच गेलं,” ते चालता चालता म्हणाले. “त्या वर्सी हीर आटली. मग त्ये बी ऱ्हायलं त्ये तुमच्या घरातच.”

साहेब जागीच थांबले.

“म्हणजे तुमच्याकडेही नाही?”

बाबा विहिरीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे, भिंतीच्या आडोशाला, एकच झाड होतं. बुंध्याला आळं, आळ्यात पाचोळा, शेजारी एक जुनी काठी. बाकीची फुलं खुडून टाकलेली. खालच्या घोसात एकच फळ ठेवलेलं.

फळ मुठीत मावलं नसतं. खांद्याला खोल घड्या, बुडाला लाली चढलेली, देठाशी अजून हिरवं.

साहेबांनी ते ओळखलं. वर्षानुवर्षं रोज सकाळी पाहिलेलं फळ ओळखायला वेळ कसला?

त्यांचा हात पुढे गेला. मन काही ठरवायच्या आत गेला. फळ तळव्यावर तोललं, अंगठा देठाच्या पेरावर टेकला. एक झटका दिला की फळ हातात. त्यांना सवय होती.

बाबांनी त्यांना अडवलं नाही.

अंगठ्याला कापड लागलं.

देठाला चिंधी होती. जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची.

साहेबांनी हात काढला नाही. त्यांना काढताच येईना.

“ही साडी... ही तर शरयूची. काठाकडे फाटली होती. ती म्हणाली होती, उंदरानं कुरतडली. मी तिला केवढा बोललो होतो...”

“गेल्या वर्सी पुसात आली हुती बाई,” बाबा म्हणाले. “दम लागत हुता. यष्टी फाट्यावर सोडती, तितनं चालत आली. पदराला पुडी बांधलेली. म्हनली, बाबा, जुन्या बियातलं एवढंच लपवून ठेवलंय. पुढल्या भादव्यात लावा. मी म्हनलं, घरी लाव की, माय. तुजा परसू मोठा हाय.”

“काय म्हणाली?”

“म्हनली, घरी फळ ऱ्हात न्हाई.”

...

दर्ग्यावरचं हिरवं निशाण फडफडत होतं. कुणीतरी लांबून शेळ्यांना हाक मारत होतं.

साहेबांना वाटलं, तिनं भांडायला हवं होतं. कप फेकायला हवा होता. दोन दिवस जेवण टाकायला हवं होतं. मग कदाचित कळलं असतं. पण ती फाट्यापासून दीड मैल चालत आली, दम खात, आपल्याच नवऱ्यापासून एक फळ वाचवायला. आणि तो घरात बसून विचारत होता, आज चहाला उशीर का?

“अकरा बिया हुत्या,” बाबा सांगत होते. “तीन उगवल्या. दोन मर रोगात गेल्या. ह्यो एक ऱ्हायला. चिंधी बाईनंच देऊन ठेवलेली. तिचं हाय ह्ये फळ. न्यायचं तर न्या.”

“नेऊ?”

“तुमचाच हक हाय.”

“पण मग बी?”

“ह्ये पाक मऊ हुस्तवर झाडावर ऱ्हायला पायजे. अजून पंधरा दीस तरी.”

“श्राद्ध परवा आहे.”

“व्हय.”

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. खात्यात असताना अडचणीची फाईल आली की पडायची, तशीच. आणि फाईल सुटल्यावर उजळायचा तसा चेहरा उजळला.

“असं करू या. आज तोडतो. घरी पिकायला ठेवतो. परवा चिरून बी काढून घेतो. थोडं कच्चं निघेल, पण अकरांतल्या तीन उगवल्या, तशा यातल्याही उगवतील. आणि बी काढल्यावर फळाचा जो गर उरेल, तो तिच्या पानात वाढतो. दोन्ही साधतं!”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. फार वाईट वाटल्यासारखे.

“उरंल त्यो तिला?”

साहेबांचा हात फळावरून खाली आला.

“परत उरल्यालंच, व्हय रं बाळा?”

आतापर्यंत बाबा त्यांना तुम्ही म्हणत होते.

साहेब मटकन खाली बसले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आता कळलं, आणि अजूनही आपल्याला तेच सुचतं, याची त्यांना लाज वाटली. वर्षभर रडले होते, कप उतरवून माळ्यावर टाकायचं ठरवलं होतं, तरी हिशोब तिच्याच वाट्याला कात्री लावणारा निघाला होता.

मग त्यांनी फळाकडे पाहिलं. त्यांच्या अंगठ्यानं चिंधीची गाठ सैल झाली होती. वाऱ्यानं तिचं एक टोक हलत होतं.

ते गुडघ्यांवर सरकत पुढे झाले. दोन्ही हातांनी ती टोकं धरली. चिंधी बांधायची त्यांची ही पहिलीच वेळ. गाठ घट्ट झाली तर देठ कापेल, सैल राहिली तर सुटेल. तीनदा सोडली, तीनदा बांधली. बाबांनी मदत केली नाही.

चौथ्यांदा ती बसली.

साहेबांनी दोन्ही हात हळूच काढून घेतले. फळ जरा खाली झुकलं आणि स्थिर झालं.

“पंधरा दिवसांनी येतो,” ते म्हणाले. “बी कसं धुवायचं, ते...”

 त्यावर त्यांनी एक पत्रक लिहिलं होतं. पाच हजार प्रती वाटल्या होत्या.

“ते शिकवा मला.”

बाबांनी मान हलवली.

साहेब उठले. पॅंटीची माती झटकली नाही. विहिरीपर्यंत गेले आणि तिथून परत वळले.

“बाबा... मग परवा तिच्या पानात काय वाढू?”

बाबा पुन्हा वाफ्यात बसले होते. हात गवतात होते.

“बाकी सगळं वाढ,” ते म्हणाले. “मिठाच्या बाजूला टमाट्याएवढी जागा मोकळी ठेव.”

“मोकळी?”

“व्हय... फळ ऱ्हायलं न्हवं? ह्या खेपंला ती जेवंल.”