गुडघ्याएवढे दार

एका राज्यात राजघराण्याची रीतच अशी, की कुठल्याही दारातून जाताना मान वाकवायची नाही म्हणजे नाही. शिकारीच्या नादात राजा रुद्रसेन एकदा गारपिटीत सापडला आणि भृंग मांत्रिकाच्या खोपटापाशी आला. मांत्रिक म्हणाला, "वाकून या, महाराज." वाकतो कसला! राजाने दार फोडवले, वर छपरावरचा सोन्याचा कळसही उचलून नेला. मांत्रिकाने शाप दिला, "तुझ्या राज्यात छप्पर म्हणून टिकायचे नाही!"

झाले. राजवाड्याची कौले उडाली, झोपड्यांचे गवत उडाले. राजा उघड्यावर तापाने फणफणला. तेव्हा राजकन्या शर्वरी कळस पदरात बांधून मांत्रिकाकडे निघाली. तो परत केला तर वडील वाचतील, एवढीच तिची आशा.

डोंगरात वादळाने तिला गाठले. ती कोरड्या ओढ्यात दडून बसली. तोच काठावरून एक सुगरण पक्षी बोलला, "उठा, राजकन्ये. इथून पाणी येईल. तीन कामे करा. उंचवट्यावर खडकाचा आडोसा धरा. अंगाखाली सुका पाला जाड पसरा. वर फांद्यांचे छप्पर घाला, अंगापुरतेच."

दोन कामे तिने चटकन उरकली. तिसऱ्यात घराणे आडवे आले. ताठ उभ्याने शिरता येईल एवढे उंच छप्पर तिने रचले आणि वाऱ्याने ते हां हां म्हणता उडवले. तिचे दात वाजू लागले.

"इथे कोण बघतंय तुमचा ताठा?" पक्ष्याने विचारले.

राजकन्येला हसू आले आणि रडूही. गारठल्या हातांनी तिने पुन्हा छप्पर घातले, या खेपेस दार गुडघ्याएवढे, आणि रांगत आत शिरली. शाप असूनही हे छप्पर हलले नाही. अंगात ऊब आली तसे तिने हात जोडले. "खडका, तुझे उपकार. पाल्या, तुझे उपकार. पाखरा, तुझे तर फिटायचेच नाहीत."

बाहेर एक भिजलेला म्हातारा कुडकुडत उभा होता. "जागा आहे का, मुली?"

"आहे ना, मी सरकते. फक्त वाकून या, बाबा."

म्हातारा दारातच थबकला. तो भृंग मांत्रिक होता. "हेच मी तुझ्या बापाला म्हटले होते," तो पुटपुटला, आणि वाकून आत आला. शाप तिथेच सुटला. तिने दिलेला कळस त्याने तिच्या त्या फांद्यांच्या खोपटावरच बसवला आणि तो तिथेच राहू लागला.

राज्यात छपरे पुन्हा टिकू लागली. राजाचा ताप उतरला. लेकीला ज्याने वाचवले ते खोपट पाहायला तो स्वतः डोंगर चढून आला.

"वाकून या, महाराज," आतून मांत्रिक म्हणाला.

राजाने मुकुट काढून बाहेर गवतावर ठेवला, गुडघे टेकले आणि आत शिरता शिरता म्हणाला, "उपकार झाले, भृंगबाबा."